सायकलींचे फेरफार

महसूल खात्यातील कारकुनाने निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करावी, नातवंडे सांभाळावीत, फार झाले तर एखाद्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर जाऊन बसावे, अशी आमच्या मलकापुरात सर्वसाधारण अपेक्षा असते. त्याऐवजी जो मनुष्य परड्यातल्या रिकाम्या गोठ्यात गंजलेल्या सायकली आणून ठेवतो, त्यांच्या हबांवर भिंग धरून आकडे वाचतो आणि रात्री ते जाड वहीत रकाने आखून उतरवतो, त्याच्याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काही काळ चिंता व्यक्त केली असेल तर तो त्यांचा दोष नव्हे. मला स्वतःला मात्र या दोन उद्योगांत फारसा भेद कधी जाणवला नाही. दफ्तरखान्यात जमिनींचे कागद चाळताना जी विद्या अंगवळणी पडली, तीच पुढे सायकलींच्या कामी आली. आणि सायकलींनी त्या विद्येचा जो अर्थ मला उलगडून दाखविला, तो कचेरीच्या टेबलापाशी बसून उलगडण्याजोगा नव्हता.

मलकापूर हे विशाळगडकर प्रतिनिधींच्या जहागिरीचे मुख्य ठिकाण. कोल्हापुराहून रत्नागिरीला जाणारा रस्ता येथून पुढे आंबा घाटाकडे चढतो, आणि घाटमाथ्याचा पाऊस वर्षातील चार महिने गावावर आपला अंमल बसवून असतो. अशा मुलखात सायकल ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. जहागिरीचे अंमलदार, शाळामास्तर, टपालवाले, जंगल खात्याचे रखवालदार, पेढ्यांवरचे दिवाणजी अशा मंडळींनी ती प्रथम वापरली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, नव्या राज्याच्या कचेऱ्या उघडल्या, सायकलीसाठी पगारातून फेडावयाची अग्रिम रक्कम मिळू लागली, तेव्हा ती तलाठ्या-ग्रामसेवकांच्या घरी आली. आणि पुढे १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ स्थापन होऊन गावोगाव दुधाचे संकलन वाढले, तसतशी ती किटल्या अडकवून गवळ्यांच्या दारात उभी राहिली. म्हणजे गोठ्यात आज उभी असलेली एखादी सायकल या तिन्ही घरांतून फिरून आलेली असू शकते, आणि बहुधा तशी ती आलेली असतेच.

जुन्या सायकली जमविणाऱ्यांच्या जगात सर्वाधिक बोलबाला आहे तो अमेरिकन बलून टायरच्या सायकलींचा. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन कडाक्यात, २६ इंची चाकाला सव्वादोन इंचांच्या आतबाहेर रुंदीचा, कमी हवेवर चालणारा फुगीर टायर बसवून तो बाजारात आणला, आणि दोन-चार वर्षांतच तिकडच्या बहुतेक कारखानदारांना तिचे अनुकरण करणे भाग पडले. पेट्रोलच्या टाकीसारखी दिसणारी पोकळ पेटी, जाडजूड हँडल, पुढे दिवा, मागे कॅरिअर, अशी ती मोटारसायकलीचे सोंग घेतलेली मुलांची सायकल. आमच्या भागात ती मला कधी आढळली नाही, आणि आढळण्याचे कारणही नव्हते. आमच्याकडे आली ती इंग्रजी रोडस्टर: २८ इंची चाक, दीड इंची टायर, गजाचे ब्रेक, उंच नळ्या, चेन पुरती झाकणारे पत्र्याचे कव्हर आणि वीस किलोंच्या आसपास वजन. रॅले, हंबर, हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स, रज ही तिची घराणी. आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे देशातच कारखाने निघाल्यावर मुंबईची हिंद, मद्रासजवळच्या अंबत्तूर येथे बनणारी हर्क्युलिस, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची अ‍ॅटलस आणि लुधियानाची हीरो ही तिची भारतीय भावंडे.

सायकल विकत घेतल्याची पावती घरात जपून ठेवणारा मनुष्य विरळा. त्यामुळे साल काढावयाचे तर सायकलीलाच प्रश्न विचारावे लागतात. ते कसे विचारावेत हे मला शिकविले ते बाजारपेठेतील एका वृद्ध मिस्त्रीने. त्याच्या दुकानात मी पहिली रॅले घेऊन गेलो, आणि तिच्या डोक्यावरील पितळी बगळ्याच्या बिल्ल्याकडे व सोनेरी रेघांच्या अवशेषांकडे बोट दाखवून बरेच काही बोलू लागलो, तेव्हा त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “रंगाकडं काय बघताय, भाऊसाहेब? आधी कॉटर काढा.” कॉटर ठोकून काढला, क्रँक सुटले, फ्रेमच्या नळीतून धुरीचा कप बाहेर आला, त्याने दुसऱ्या एका सायकलीचा कप उचलून त्या नळीत फिरवून पाहिला, आणि तो दुसऱ्याच फेऱ्यात अडला. “रॅलेला दुसऱ्याचा कप बसत न्हाई,” एवढेच त्याचे भाष्य. इतर बहुतेक इंग्रजी सायकलींच्या कपाला इंचात २४ आटे असतात आणि नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने आपले स्वतःचे २६ आटे चालू ठेवले होते, हे मला फार पुढे छापील मजकुरातून कळले. मिस्त्रीच्या बोटांना मात्र ते पाठ होते, आणि आकड्यावाचून त्याचे काही अडले नव्हते.

या २६ आट्यांनी मला पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा मोठी मौज दाखविली. तेथे एका विक्रेत्याकडे हंबर होती. पुढच्या फोर्कला प्रत्येक बाजूस दोन-दोन बारीक नळ्या असणे ही त्या घराण्याची खूण, आणि ती तेथे निर्विवाद दिसत होती. सायकल पहिल्या महायुद्धाच्या आधीची आहे, असे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत होता. हंबरच्या सायकली १९३२ मध्ये रॅलेच्या ताब्यात गेल्या. मी परवानगी घेऊन कप पाहिला तर आटे रॅलेचे. हँडलचा मुलामा खरवडल्याजागी पाहिला तर निळसर झाकेचा, म्हणजे क्रोमचा, आणि क्रोम सायकलींवर आला तो १९३० च्या सुमारास. त्याआधीच्या निकेलची झाक पिवळसर असते. मी हे सर्व सौम्य शब्दांत त्याच्या कानावर घातले, तेव्हा तो मनुष्य जराही न रागावता म्हणाला, “काका, साल तुम्ही घेऊन जा, सायकल मला विकू द्या.” व्यवहार झाला नाही, परंतु त्याच्या त्या वाक्यात या छंदाच्या अर्थशास्त्राचे सार आले होते, हे मला कबूल केले पाहिजे.

नावाचा बिल्ला हा तर सर्वांत अविश्वसनीय साक्षीदार. हर्क्युलिस १९४६ मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सकडे गेली, रजचे नाव १९४३ मध्ये रॅलेकडे आले, तीन बंदुकांचे चिन्ह मिरविणाऱ्या बीएसएचा सायकल विभाग १९५७ मध्ये रॅलेने घेतला, आणि १९६० मध्ये रॅलेच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या छत्राखाली गेली. म्हणजे ज्यांच्या श्रेष्ठत्वावरून आमच्या वडीलधाऱ्यांनी पारावर वाद घातले, ती घराणी तिकडे एकाच खातेवहीत नोंदली जात होती. त्यामानाने मुकाट बसणारे भाग अधिक खरे बोलतात. स्टर्मी-आर्चरच्या तीन गतींच्या हबवर सालाचा आकडा ठोकलेला असतो. तीसच्या दशकात बहुधा एकच अंक, पुढे दोन अंक आणि त्यासोबत महिनाही. विल्यम्सच्या दातेरी चक्रावर सालाची सांकेतिक अक्षरे असतात. जेथे क्रोमच्या जागी मुळातच काळा रंग दिलेला आढळतो, तेथे युद्धकाळातील धातूंच्या टंचाईचा संशय घ्यावा. मागच्या मडगार्डाच्या टोकाला पांढरा पट्टा आढळला, तर ब्रिटनमधील युद्धकालीन अंधारबंदीची आठवण ठेवावी.

या साक्षींची उलटतपासणी करता करता एक नियम माझ्या मनात दृढ झाला. यांतील बहुतेक पुरावे ‘अमुक साली बनली’ असे कधीच म्हणत नाहीत. ते फक्त ‘अमुक सालाच्या आधीची नव्हे’ एवढेच म्हणतात. पांढरा पट्टा युद्ध संपल्यावरही चालू राहिला, क्रोमचा मुलामा कोल्हापुरात नेऊन केव्हाही चढविता येतो, आणि हब तर चाकासकट बदलता येतो. म्हणून जो भाग बदलणे सर्वांत कठीण, त्याची साक्ष आधी घ्यावी, सुट्या भागांना मागाहून बोलवावे. आणि त्यांचे म्हणणे जुळले नाही तर त्यांतल्या एकाला खोटे ठरविण्याची घाई न करता, दोघेही खरे बोलत असतील तर मध्ये काय घडले असावे, हा प्रश्न विचारावा.

हा प्रश्न विचारण्याची सवय मला एका आजींमुळे लागली. त्यांच्या घराच्या माळ्यावर रॅले होती आणि ती इंग्रजांच्या अमदानीतील असल्याचा दाखला माझ्या तोंडून मिळावा, अशी त्यांच्या मुलाची फार इच्छा होती. आजी मात्र ठाम: “भूकंपाच्या आदल्या दिवाळीला आणली. नवी कोरी.” भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा; आमच्या भागातील वयस्क माणसांची कालगणना त्याच्या अलीकडे आणि पलीकडे अशी विभागलेली आहे. मागच्या हबवरील गंज पुसला तेव्हा खाली ४८ हा आकडा निघाला. मुलाचे म्हणणे खरे नव्हते, कारण तोवर इंग्रज गेले होते. आजींचे म्हणणेही हबशी जुळेना, कारण एकोणीस वर्षांचे अंतर पडत होते. मी काहीच न बोलता फोर्क पाहत बसलो, तेव्हा त्या जरा चिडून म्हणाल्या, “तालुक्याला साहेब होते, त्यांची बदली झाली, त्यांच्याकडनं घेतली ह्यांनी. पण आमच्या दारात आली तवा नवीच होती की!” मग क्षणभर थांबून त्यांनीच सांगितले की पुढचे चाक त्या सायकलीचे नव्हेच, ते दुसऱ्याच वर्षी पुलाच्या कठड्याला धडकून गेले आणि मिस्त्रीने हर्क्युलिसचे घातले. माझ्या वहीत त्या रात्री तीन तारखा पडल्या, आणि त्या तिन्ही खऱ्या होत्या.

नगरपालिकांच्या सायकल-कराचे बिल्ले ही दुसरी अशीच साक्ष. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात शाळा-कॉलेज केले, त्यांना ते आठवतील: दरवर्षी कर भरला की धातूचा लहानसा बिल्ला मिळे, त्यावर वर्ष ठोकलेले असे, आणि तो हँडलखाली तारेने बांधावा लागे; बिल्ला नाही, रात्री दिवा नाही किंवा मागे डबलसीट बसविलेला आढळला, तर चौकातील हवालदार चाकाची हवा सोडून मोकळा होई. एका दिवंगत शिक्षकांच्या घरी मला असे बिल्ले तारेत ओवलेली एक माळच मिळाली. वर्षे ओळीने लागत होती, मध्येच खंड पडत होता, पुन्हा ओळ सुरू होत होती. घरच्यांना त्याचे कारण माहीत नव्हते. मी त्यांच्या सेवापुस्तकाची नक्कल पाहू शकेन का, असे विचारले आणि ती सुदैवाने ट्रंकेत निघाली. ज्या वर्षांचे बिल्ले नव्हते त्या वर्षांत गुरुजींची बदली घाटाकडील वाड्यावस्त्यांवर झालेली होती, जेथे सायकलीचा कर मागण्यास कोणी येत नसे. माळेतील रिकाम्या जागेने जेवढे सांगितले तेवढे एकाही बिल्ल्याने सांगितले नव्हते. त्यांच्या कन्येने ती नोंद दोनदा वाचून घेतली, आणि वडील त्या काळात शनिवारी रात्री उशिरा चिखलाने माखलेले घरी येत, ही आठवण तिला तेथेच झाली.

माझ्या या छंदाला खरे वळण मिळाले ते मात्र परमुलखात. पुतण्याच्या आग्रहाखातर काही काळ मी शिकागो परिसरात राहिलो असता त्याने मला जुन्या सायकलींच्या एका मैदानी बाजारात नेले, आणि ज्यांची चित्रेच पाहिली होती त्या बलून टायरच्या सायकली रांगेने उभ्या दिसल्या. साल काढण्याची तेथील लोकांची धडपड आमच्यासारखीच. श्विनच्या १९४८ पूर्वीच्या क्रमांकांच्या नोंदवह्या आगीत गेल्या असल्याने तेही सुट्या भागांकडे वळतात. मॉरो नावाच्या ब्रेकच्या हबवर एक अक्षर आणि एक अंक असतो, अक्षरावरून वर्ष आणि अंकावरून वर्षाची तिमाही कळते. मी भिंग काढून बसलो, आणि थोड्याच वेळात माझ्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. तेथे हब, फ्रेम, टाकी, दिवा सगळे एकच साल सांगत होते. उलटतपासणीला जागाच नव्हती.

त्याचे कारण एका वृद्ध संग्राहकाने सहज सांगितले. ही सायकल मुलाला वाढदिवसाला मिळे. मुलगा सोळा वर्षांचा झाला की मोटार चालवू लागे, आणि सायकल गराजच्या भिंतीला टांगली जाई. ती तेथून निघे ती थेट संग्राहकाच्या हाती. म्हणजे जिला विश्रांती लाभली तीच सायकल एका तारखेची राहिली. आमच्याकडे सायकलीला विश्रांती कोणी दिली? ती साहेबाकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून शिपायाकडे, शिपायाकडून गवळ्याकडे गेली. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हाती पडून रबराची चणचण झाली तेव्हा तिच्या टायरला आतून चकत्या लागल्या. तिचा फोर्क वाकला तेव्हा तो तापवून सरळ झाला, आणि दुसऱ्यांदा वाकला तेव्हा बदलला गेला. परतीच्या विमानात मी याचाच विचार करीत होतो, आणि दफ्तरखान्यातील एक जुनी वही डोळ्यांपुढे आली.

ज्यांनी जमिनीचे व्यवहार केले आहेत त्यांना गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, ठाऊक असेल. सातबारावर जे नाव आज दिसते ते कसे आले, कोणी विकले, कोणाचा वारस लागला, कोणाचा बोजा चढला आणि केव्हा उतरला, हे त्या वहीत क्रमाने नोंदलेले असते. शहाणा कारकून मूळ मालक शोधण्याच्या फंदात न पडता फेरफार वाचतो, कारण जमिनीचा इतिहास त्यातच असतो. आमच्या सायकलीही तशाच आहेत. बदललेला प्रत्येक भाग ही तिच्यावरील एक फेरफार नोंद आहे. ती खोडली तर सायकल शुद्ध होत नाही, तिचा दस्तऐवज अपुरा होतो.

हे उमगल्यानंतर माझे व्यवहार बदलले. आमच्या तालुक्यातील एका गवळ्याची फिलिप्स माझ्याकडे आहे. फ्रेम इंग्रजी, फोर्क भारतीय, त्याला दोन्ही बाजूंनी आधाराचे गज, कॅरिअर लोहाराने कमानीच्या पट्ट्यांतून घडविलेले, आणि मागच्या नळ्यांवर किटल्या घासून घासून पडलेल्या दोन खोल खाचा. शहरातून आलेल्या एका गृहस्थांनी तिची फ्रेम, सीट आणि दिव्याचा आकडा एवढेच मागितले. बाकीचा ‘बाजारू माल’ काढून ठेवा, फ्रेमच्या खाचा भरून रंग देऊन घेऊ, असे म्हणाले, आणि देऊ केलेली रक्कम माझ्या तीन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून अधिक होती. त्यांची रसिकता खोटी नव्हती. ब्रुक्सच्या कातडी सीटवरून त्यांनी ज्या मायेने हात फिरविला तो मी पाहिला. परंतु ज्या खाचा त्यांना भरावयाच्या होत्या, त्या एका कुटुंबाने दूध घालून तीन मुले शिकविल्याचा लेखी पुरावा होत्या. मी त्यांना चहा पाजला आणि नकार दिला.

याचा अर्थ मी मोडक्याला पूज्य मानतो असा नव्हे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सायकलीचे ओव्हरऑइलिंग होते, छर्रे धुऊन नवे ग्रीस भरले जाते, रंगावर जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरतो, आणि चाकाचा आऊट काढल्याखेरीज एकही सायकल भिंतीला लागत नाही. गंज थांबविणे आणि खुणा पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच माझे म्हणणे. नवा भाग घालण्याची पाळी आलीच तर मी तो घालतो, आणि वहीत माझ्या नावाने तारखेसह फेरफार नोंदतो; कारण मीही त्या सायकलीच्या धन्यांच्या मालिकेतील एक आहे, तिच्याबाहेरचा न्यायाधीश नव्हे.

वहीतील ‘साल’ हा रकाना मी आता काढून टाकला आहे. त्याऐवजी चार रकाने आहेत: फ्रेम कोणत्या सालाच्या आधीची नव्हे, घरात केव्हा आली, काय काय बदलले, आणि हे कोणी सांगितले. शेवटचा रकाना भरण्यास सर्वांत अधिक श्रम पडतात आणि तोच सर्वांत आधी नाहीसा होणारा आहे; लोखंड अजून शंभर वर्षे माझी वाट पाहील, माणसे पाहणार नाहीत. अलीकडे तरुण मंडळी आजोबांच्या सायकलीचे छायाचित्र दाखवून ‘काका, हिचे किती येतील?’ असे विचारतात. किंमत मी सांगतो, लपवीत नाही. पण त्याआधी ही कोण चालवीत असे, कशासाठी, आणि हिचे काय काय बदलले, असे तीन प्रश्न विचारतो, आणि उत्तर नसेल तर घरी जाऊन विचारून येण्यास सांगतो. काहीजण वैतागून परत येत नाहीत. जे परत येतात त्यांच्यापैकी पुष्कळांनी सायकल विकण्याचा बेत सोडून दिलेला असतो. संग्राहक म्हणून यात माझे नुकसान आहे. दफ्तर सांभाळणारा म्हणून मला याहून चांगला निकाल अपेक्षित नाही.